पहिल्या अर्ध्या तासात निर्णय कोणाचा? (पुण्यातल्या छोट्या-मध्यम उद्योगांची आपत्कालीन तयारी)

शॉपफ्लोअर

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांत सुरक्षेचं काम बघतो. बहुतेक ठिकाणी आपत्कालीन आराखडा असतोच. ग्राहक कंपनीच्या ऑडिटला लागतो म्हणून कन्सल्टंटकडून करून घेतलेला, इंग्रजीत, स्पायरल बाइंडिंगचा. तो एचआरच्या कपाटात असतो आणि संध्याकाळी सहाला कपाटाला कुलूप लागतं. रात्रपाळीच्या सुपरवायझरने तो कधी पाहिलेला नसतो.

मी जिथे जातो तिथे रात्रपाळीत उभा राहून एकच प्रश्न विचारतो. शेडमध्ये धूर दिसला, मालक घरी आहेत, फोन उचलत नाहीत. विजेचा मेन स्विच कोण बंद करणार? उत्तर जवळजवळ सगळीकडे एकच येतं: "साहेबांना विचारायला लागेल." इथेच सगळं घोडं पेंड खातं. त्या माणसाला आग दिसत नाही असं नाही. हीट ट्रीटमेंटची भट्टी चालू आहे, आत लाखोंचा माल आहे, मेन पाडला आणि नंतर कळलं की नुसती केबल जळत होती, तर नुकसान कोणाच्या नावावर टाकणार हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो वाट बघतो. त्या दहा मिनिटांत विझवता येणारी आग हाताबाहेर जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की आराखड्याचं पहिलं पान हे अधिकाराचं पान असलं पाहिजे. मालकाच्या सहीचं, मराठीत आणि हिंदीत. त्यावर लिहायचं: लोकांना बाहेर काढणं, लाइन थांबवणं, मेन बंद करणं आणि १०१ला फोन करणं, या गोष्टींसाठी पाळीतल्या कोणालाही कोणाची परवानगी लागणार नाही. निर्णय नंतर अनावश्यक ठरला तरी त्याच्या पगाराला किंवा नोकरीला धक्का लागणार नाही. हे शेवटचं वाक्य नसेल तर वरच्या वाक्यांना किंमत नाही.

दुसरी गोष्ट माणसं मोजण्याची. बाहेर काढल्यावर "सगळे आले का?" हे कोण सांगणार? कायम कामगारांची हजेरी बायोमेट्रिकवर असते. कंत्राटी लोक ठेकेदाराच्या वहीत असतात. माल घेऊन आलेला टेंपोवाला, क्लीनर, कॅलिब्रेशनला आलेला मुलगा, हे गेटच्या रजिस्टरवर. तीन याद्या तीन ठिकाणी, आणि बायोमेट्रिकचं मशीन पेटलेल्या इमारतीच्या आत. एका कारखान्यात आता साधी पद्धत बसवली आहे. गेटवर खिळ्यांचा बोर्ड, आत जाणारा प्रत्येक जण आपला बिल्ला त्यावर अडकवतो, बाहेर पडताना काढून घेतो. पळापळ झाली की वॉचमन बोर्ड उचलून जमायच्या जागी जातो, बाहेर आलेला प्रत्येक जण आपला बिल्ला काढतो. जे बिल्ले बोर्डावर उरले ती माणसं आत. वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही.

तुमच्याकडे काय करता, काय अडतं, ते लिहा. कारखानेच नव्हे, दुकानं, दवाखाने, शाळा, आयटीवाले, सगळ्यांनी.

नारायणपेठी

छान धागा. पण हे सगळं पाळ्या आणि गेट असलेल्यांसाठी झालं. आमचा छोटा छापखाना आहे, नदीपासून फार लांब नाही. माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आग लागली तर सगळे एका दारातून बाहेर पडतील. आमची भीती पाण्याची. कागदाचे रीम तळात, मशीनची मोटर तळात, पेपर कटरही तळात. धरणातून पाणी सोडलं की ग्रुपवर मेसेज सुरू होतात, वीस जण वीस आकडे टाकतात, आणि नक्की कधी हलायचं तेच कळत नाही. दरवेळी सगळं वर उचललं तर काम बंद पडतं, नाही उचललं तर धाकधूक.

मुठाकाठ

नारायणपेठी, तुमचा प्रश्न सिंहगड रस्त्यावरच्या आम्हा सगळ्यांचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तिन्ही धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून मुठेत सुटतं. खडकवासल्याची साठवण वरच्या धरणांच्या मानाने फार कमी, त्यामुळे घाटात पावसाने जोर धरला की विसर्ग झपाट्याने वाढवावा लागतो. पुण्यात पाऊस किती पडतोय यावरून अंदाज बांधणारे इथेच फसतात. २५ जुलै २०२४ला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि एकतानगरीत पाणी शिरलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे ३५ हजार क्युसेकला सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. त्याच दिवशी पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. माल वाचवायला पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. मीटरचा मेन आधी बंद, मगच सामानाला हात.

आता करायचं काय. "पाणी सोडलं" या बातमीवर हलू नका, आकड्यावर हला. तुमच्या गल्लीत आजवर पाणी कुठपर्यंत आलं ते जुन्या शेजाऱ्यांना विचारा, त्या दिवशीचा विसर्ग किती होता ते बघा आणि दुकानाच्या भिंतीवर खूण करून बाजूला आकडा लिहा. मग तुमचे तुम्हीच दोन आकडे ठरवा. पहिल्या आकड्याला रीम, तयार ऑर्डरी, हिशेबाच्या वह्या आणि कॉम्प्युटर माळ्यावर. दुसऱ्या आकड्याला मेन बंद, मोटर सोडवून वर, शटर ओढून घरी. दोन्ही आकडे कामगारांना पाठ पाहिजेत, कारण तुम्ही त्या दिवशी गावाला असाल. विसर्ग जलसंपदा विभाग जाहीर करतो, तोच आकडा धरायचा, फॉरवर्ड झालेला नाही.

महापालिकेच्या विकास आराखड्यावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. जागा भाड्याने घेण्याआधी हे बघणारा भाडेकरू मला अजून भेटलेला नाही. आणि १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला, तेव्हा पाणी कुठवर गेलं होतं हे पेठांमधल्या जुन्या भिंतींवर अजून वाचता येतं.

अरण्येश्वर

मुठाकाठ यांच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण एक मोठा फरक. आंबिल ओढ्याला धरणाचा आकडा नसतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रज, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी या पट्ट्यात जो पूर आला तो काही तासांच्या पावसात आला. वीसहून जास्त माणसं गेली. भोंगा नाही, मेसेज नाही. ओढ्याकाठच्या गॅरेज, गोठे, छोट्या वर्कशॉपवाल्यांनी विसर्गाची वाट बघायचीच नाही. आमच्या गल्लीतल्या वर्कशॉपवाल्यांनी नियम केलाय: रात्री जोराचा पाऊस तासभर सलग राहिला की तळमजल्यावर झोपणाऱ्या कामगारांनी वर जायचं. विचारायचं नाही, गाड्या काढायला थांबायचं नाही. त्या रात्री गाडी काढायला खाली गेलेल्यांचं काय झालं ते या भागात सगळ्यांना माहीत आहे.

लालगाडी

आगीच्या उपकरणांच्या देखभालीत आहे. शॉपफ्लोअरचं अधिकाराचं पान पटलं. पण त्याच्याही आधी दार.

कारखान्यांच्या दोन आगी आठवा. ७ जून २०२१, उरवडे. ८ डिसेंबर २०२३, तळवडे. दोन्हीकडे गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या, पॅकिंगच्या कामावरच्या. तळवड्याला वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनत होत्या. पॅकिंगची शेड म्हणजे पुठ्ठा, प्लॅस्टिक, थर्माकोल आणि माणसं एकमेकांना चिकटून. अशा शेडला समोरासमोर दोन दारं नसतील तर बाकीचा आराखडा बासनात गुंडाळून ठेवा. चोरीच्या भीतीने मागचं शटर बाहेरून कुलूपबंद ठेवणारे असंख्य आहेत. चोरीची भीती खरी आहे, मी नाकारत नाही. मग आतून ढकलून उघडणारं पॅनिक बार लावलेलं दार घ्या. बाहेरून उघडत नाही, आतून धक्का दिला की उघडतं.

महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी द्यावा लागतो की यंत्रणा चालू स्थितीत आहे. तो कागद घ्यायच्या दिवशी एजन्सीच्या माणसाला म्हणा, पंप माझ्यासमोर सुरू कर, शेवटच्या हायड्रंटला पाणी दाखव. कुलूप गंजलेलं, होजला भोक, टाकी रिकामी, हे सगळं त्या पाच मिनिटांत कळतं.

सिलिंडरबद्दल एकच. इलेक्ट्रिक पॅनलजवळ सीओटू, बाकीकडे एबीसी पावडर, आणि पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात. वर्षातून एकदा रिफिलिंगच्या आधी जुने सिलिंडर कामगारांच्या हातून मोकळ्या मैदानात उडवून घ्या. नाहीतरी रिकामे करायचेच असतात. ज्याने एकदा पिन काढून दाबलंय तो खऱ्या वेळी गांगरत नाही. आणि एक सिलिंडर संपेपर्यंत आग आटोक्यात आली नाही तर दुसरा शोधायचा नाही, पाठ फिरवून बाहेर पडायचं.

रिअॅक्टर

कुरकुंभ एमआयडीसीतून लिहितोय. शॉपफ्लोअर, "मेन कोणीही बंद करावा" हे मशीन शॉपला ठीक. रासायनिक कारखान्यात हाच नियम लावला तर स्फोट होईल. उष्णता सोडणारी प्रक्रिया चालू असताना वीज गेली की ढवळणारा पंखा थांबतो, थंड पाण्याचा पंप थांबतो, आतलं तापमान चढतच जातं आणि दाब हाताबाहेर जातो. आमच्याकडे उलट क्रम आहे. आधी फीड (आत जाणारा कच्चा माल) बंद, कूलिंग चालूच, पंप जनरेटरवर, आणि गरज पडली तर क्वेंच, म्हणजे प्रक्रिया झटकन थंड करून थांबवणं. मेन सगळ्यात शेवटी, तोही ठरलेल्या माणसाच्या हातून. पण तो ठरलेला माणूस प्रत्येक पाळीत हजर पाहिजे, आणि तो जेवायला गेला असेल तर त्याच्या जागी कोण, हेही बोर्डावर लिहिलेलं पाहिजे.

१९८९च्या घातक रसायनांच्या नियमांखाली येणाऱ्या मोठ्या साठ्यांच्या कारखान्यांना ऑनसाइट आराखडा आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम सक्तीची आहे. आमचा अनुभव असा की तालीम दिवसा, आधी सांगून, चहा-बिस्किटांसह होते तेव्हा ती नेहमी यशस्वी होते. रात्री साडेतीनला न सांगता घेतली तेव्हा खऱ्या अडचणी दिसल्या. वाऱ्याची दिशा दाखवणारा कपडा अंधारात दिसत नव्हता. गॅस गळती झाली तर जमायची जागा वारा जिथून येतो त्या बाजूला हवी, आणि कपडा दिसत नसेल तर ती ठरवणार कशी? आता त्याच्यावर दिवा आहे आणि जमायच्या जागा दोन आहेत.

शॉपफ्लोअर

रिअॅक्टर, मुद्दा अगदी योग्य, धाग्याच्या डोक्यावर टाकावा इतका महत्त्वाचा. अधिकाराचं पान प्रत्येक जागेचं वेगळं. दुसऱ्याचं छापून चिकटवायचं नाही. "कोणालाही" हा शब्द माणसं बाहेर काढण्यासाठी आणि १०१साठी सगळीकडे लागू. यंत्रं कोणत्या क्रमाने थांबवायची हे त्या-त्या जागेच्या जाणकाराने लिहायचं. भट्टीवाल्यांनीही हेच करावं, कूलिंग वॉटरचा पंप मेनवरच असेल तर मेन पाडल्यावर भट्टीची कॉइल जाते.

सर्व्हररूम

आयटीतली बाजू मांडतो, कारण पुण्यात हा धोका आगीइतकाच रोजचा आहे.

कॉसमॉस बँकेवरच्या सायबर हल्ल्याचं प्रकरण आठवत असेल. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमधून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांची यंत्रणा) आणखी गेले. सगळे मिळून ९४ कोटींच्या आसपास. वार बघा. हल्ला शनिवार-रविवार, दिवाळी, गणपती असा बघूनच होतो, जेव्हा निर्णय घेणारा माणूस जागेवर नसतो. म्हणजे पुन्हा मूळ प्रश्न तोच: सुट्टीच्या दिवशी नेटवर्क तोडायचा अधिकार कोणाला?

छोट्या ऑफिसांसाठी सांगतो. स्क्रीनवर खंडणीची सूचना आली किंवा फाइलींची नावं बदलायला लागली की पहिलं काम: नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. मशीन बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. बॅकअपची ड्राइव्ह जोडलेली असेल तर ती आधी काढा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०ला, लगेच फोन, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशा घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. सर्ट-इनचा ईमेल पत्ता कागदावर लिहून ठेवा, कारण त्या दिवशी तुमचा संगणक उघडणार नाही.

आणि प्रत्येक वेळी हल्लाच असतो असं नाही. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकून बंद पडले. देशातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले. हाताने काम करता आलं म्हणून विमानं उडाली. तुमच्याकडे टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) दोन दिवस उघडलं नाही तर माल कशावर पाठवणार? चलनबुक छापून ठेवलंय का?

बॅकअपबद्दल: टॅलीचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असेल तर तो बॅकअप नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. आणि तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्याच मशीनवर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

मेट्रन

लहान रुग्णालयात आहे. आमच्याकडे "सगळे बाहेर पळा" हा नियमच चालत नाही, पेशंट पळू शकत नाहीत. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्यात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, तेव्हापासून आमच्या सिस्टर रात्रीची ड्युटी सुरू होताना एकच गोष्ट ठरवून घेतात: कोणत्या बेडला कोण. नावानिशी. आधी शेजारच्या सुरक्षित कक्षात आडवं हलवायचं, जिने उतरायचे ते नंतर. उचलता येत नसेल तर गादीसकट चादरीची चारही टोकं बांधून जमिनीवरून ओढत न्यायचं. दोन सिस्टर एका जड पेशंटला असं नेऊ शकतात, आम्ही एकमेकींना ओढून सराव केलाय. ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व्ह (त्या कक्षाचा पुरवठा बंद करणारा) कुठे आहे आणि तो बंद करण्याआधी कोण पोर्टेबल सिलिंडरवर जाईल, हे प्रत्येक पाळीत म्हणून दाखवायचं.

इमारतींना एक विनंती. जनरेटर आणि यूपीएस तळघरात ठेवू नका. पुराच्या दिवशी वीज जाते तेव्हा तळघरातच पाणी असतं.

हिंजवडीकर

एचआरमधून. दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत. एक, घरी कोण कळवणार? अपघातानंतर पहिल्या तासाभरात कामगाराच्या बायकोला बातमी व्हॉट्सअॅपवरच्या व्हिडिओतून मिळते. हे फार क्रूर आहे. एक माणूस नेमा, त्याने फक्त घरच्यांशी बोलायचं, खरं तेवढंच बोलायचं, माहीत नसेल तर "अजून माहीत नाही, अर्ध्या तासात पुन्हा फोन करतो" म्हणायचं आणि खरंच करायचा. पत्रकारांशी बोलणारा माणूस वेगळा. आणि घरचे नंबर कागदावर, कंत्राटी लोकांचेसुद्धा. ठेकेदार देत नाहीत, मागून घ्या.

दोन, पाणी आणि आजार. जानेवारी २०२५मध्ये नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरीकडे जीबीएसचे (नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण सापडले तेव्हा कॅन्टीनचं पाणी कुठून येतं हे आमच्याकडे कोणालाच पटकन सांगता येईना. टँकर, बोअर, पालिका, सगळं एकाच टाकीत. आता टँकरची नोंद आणि क्लोरीनची तपासणी रोज होते.

विमाविषयक

मुठाकाठ आणि लालगाडी यांनी सांगितलेलं सगळं करूनही नुकसान होतं, तेव्हा हे. १ एप्रिल २०२१पासून लहान उद्योगांसाठी दोन ठरावीक पॉलिसी आहेत. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, त्यावर ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. पूर दोन्हींत येतो. फसगत होते ती रकमेत. हप्ता वाचवायला १ कोटीची मालमत्ता ६० लाखांची दाखवली आणि १० लाखांचं नुकसान झालं, तर हातात सहाच्या आसपास पडतात, दहा नाही. या पॉलिसींत कमी दाखवलेल्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट सोडून देतात, त्यापुढे प्रमाणात कापतात. बंद काळातला बुडालेला नफा आणि पगार यात येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

नारायणपेठी, भिजलेले रीम विमा कंपनीचा सर्व्हेअर बघेपर्यंत टाकू नका. दर महिन्याच्या शेवटी फोन फिरवून स्टॉकचा व्हिडिओ काढा आणि स्वतःलाच ईमेल करा.

नारायणपेठी

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. शेजारच्या काकांनी भिंतीवरची खूण दाखवली, आता त्या वेळचा विसर्ग शोधतोय. एक शंका. शॉपफ्लोअर, ते पान लावायचं कुठे? आमच्याकडे एक मुलगा बिहारचा, एक उदगीरचा, आणि कटरवरच्या मावशींना वाचता येत नाही.

शॉपफ्लोअर

दोन ठिकाणी. एक मेन स्विचच्या शेजारी, एक दाराच्या बाहेरच्या बाजूला, कारण बाहेर पडल्यावर नंबर लागतात: १०१, १०८, ११२, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, तुमचा आणि शेजारच्या दुकानदाराचा. लॅमिनेट करून घ्या, पाण्यात टिकलं पाहिजे. मावशींसाठी मेनच्या खटक्याला लाल रंग आणि भिंतीवरच्या दोन खुणांना दोन वेगळे रंग, पिवळा आणि लाल. पिवळ्याचा आकडा आला म्हणजे कागद वर, लालचा आला म्हणजे लाल खटका खाली आणि घरी. या रविवारी मावशींनाच करायला सांगा, तुम्ही बाहेर उभे राहा आणि काही बोलू नका. किती वेळ लागला ते इथे लिहा.